वॉल्व्हमनचा बुरनू

धारूरकर साहेबांची बदली गोंदियाला झाली.
ट्रकमध्ये फ्रिज चढला, पलंग चढला, कुंडीतली तुळससुद्धा;
हा खाली राहिला.
"शिवलिंगअप्पा, दोन महिने सांभाळा," म्हणाले.
त्याला आता सहा वर्षं झाली.

लसीच्या कार्डावर ब्रुनो, आमच्या गल्लीत बुरनू.
रंग उन्हात पसरलेल्या तूरडाळीचा,
शेपटीला झालर, रुखवतातल्या पंख्यासारखी.

जनावरांच्या कॉलेजातल्या बिराजदार मॅडम म्हणाल्या,
ह्याचं मूळ गाव स्कॉटलंड.
धुकं, डोंगर, हाडं गोठवणारी तळी.
तिथले जमीनदार बंदुकीनं बदकं पाडायचे
आणि ह्याचे खापरपणजे पोहत जाऊन
तोंडात धरून आणायचे, एकही दात न रुतवता.
अंगावर दोन थर त्यासाठीच:
वरचा पाणी झटकतो, आतला ऊब धरतो.
"पाण्यासाठीच घडवलेली जात आहे, अप्पा."

मी काय बोलणार.
मी उदगीर नगरपालिकेचा वॉल्व्हमन.
नऊ दिवसांनी पाणी सोडतो,
एका भागाला चाळीस मिनिटं.
बायका मला नावानं नाही, वारानं ओळखतात:
गुरुवारवाला आला, घागरी काढा.

उन्हाळ्यात ह्याला पहाटे साडेचारला फिरवायचं,
म्हणजे माझ्या ड्यूटीच्याच वेळेला.
नंतर डांबर तळवे भाजतं;
आपला हात आधी पालथा ठेवून बघायचा.
इराण्णा न्हावी म्हणाला, भादरून टाकू की सगळं.
मॅडम ओरडल्या, तो कोट म्हणजेच त्याचं छप्पर!
कानाच्या पाळीखाली गोचीड,
रोज रात्री बॅटरी, चिमटा आणि माझा चष्मा.
दही-भाकर चालते. कांदा नाही.
द्राक्ष तर एकसुद्धा नाही, कुणी कितीही प्रेमानं देवो.
अंघोळ महिन्याला, दोन बादल्यांत,
त्यातही अर्धी बादली मी वाचवतो.
केस मात्र बारा महिने गळतात.
बायको म्हणते, आपल्या घरी भाकरीत सोनं निघतं.

राखणीला शून्य.
चोर आला तर त्याला चप्पल आणून देईल.
तांड्यावरचा कारवानी कुत्रा ससा दिसला की वारा होतो;
हा ससा दिसला की शेपूट हलवतो.
आणणं तेवढं रक्तात.
गल्लीभरच्या चपला, शबानाभाबीच्या लेकराचं टोपडं,
एकदा माळावरून टिटवीचं पिल्लू.
वर आई-बाप टाहो फोडत घिरट्या घालतायत,
मी जबडा उघडला:
पिल्लू लाळेनं ओलं, भयंकर रागावलेलं,
जिवंत.

मागच्या मे महिन्यात बिदर रोडला मेन लाइन फुटली.
पहाट. बाजूच्या शेतातल्या खड्ड्यात
कमरेइतकं पाणी, वर आणखी कारंजं.
बुरनू काठाला थबकला.
आयुष्यात त्यानं बादलीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं.
एक पाय घातला, काढला. माझ्याकडे पाहिलं.
मग गेला.
पोहायला कुणी शिकवलं नव्हतं,
शेपूट मागं सुकाणूसारखी, डोकं वर,
जणू धुक्यातून कुणीतरी हाक मारतंय.

वॉल्व्ह माझ्यापासून वीस पावलांवर होता,
चावी खांद्यावर.
मी डोक्यावरची टोपी काढून पाण्यात फेकली.
का फेकली, अजून सांगता येत नाही.
त्यानं आणली. फेकली. आणली.
तिसऱ्यांदा तो काठावर अंग झाडेपर्यंत
घड्याळात सात मिनिटं झाली होती.
रजिस्टरला लिहिलं, पाच वाजून दहाला बंद.
पाच सतरा झाले होते.
तीस वर्षांत तेवढंच खोटं.

आता त्याची कंबर धरते. पायरी चढताना
मागचे पाय थोडे उशिरा येतात.

त्या गुरुवारी सखूबाई हलगे नळापाशी म्हणाल्या,
"अप्पा, ह्या बारीला धार लवकर तुटली हो."
प्रेशर कमी होतं, मी म्हणालो.
बुरनू त्यांच्या पायाशी बसला होता
घागरीवरचं झाकण तोंडात धरून,
अगदी अलगद.